चंद्रावरचे ज्वालामुखीचे खडक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत दगड बघायच्या ट्रिपा आणि आकाशदर्शनाच्या रात्री, मी दोन्हीकडे असतो, त्यामुळे प्रश्न पण दोन्हीकडचे येतात आणि मजा म्हणजे ते फिरून फिरून एकाच जागी येतात, की वरचा तो काळा दगड आणि आपल्या पायाखालचा हा काळा दगड यांचं नातं काय. जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. नंबर दिलेत, एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तर तिकडे जा.

१. चंद्रावर जो ससा दिसतो तो म्हणजे खरंच लाव्हा आहे का?

हो. शशांक म्हणा, मृगांक म्हणा, तो जो काळसर डाग आहे तो थिजलेल्या लाव्ह्याची मैदानं आहेत. जुन्या दुर्बिणवाल्यांना ते समुद्र वाटले म्हणून लॅटिनमध्ये 'मारे', अनेकवचनी 'मारिया' हे नाव पडलं, आणि तिथल्या खडकाला अजून मारे बेसॉल्टच म्हणतात (बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक). आधी प्रचंड उल्का आदळून खोलगट परात तयार झाली, मग पुष्कळ काळाने खालून लाव्हा येऊन ती परात भरली. ही मैदानं चंद्राच्या साधारण १७ टक्के भागावर पसरलीत पण घनफळ बघाल तर चंद्राच्या कवचाच्या जेमतेम १ टक्का. अंगण सारवल्यावर सारवण किती पातळ असतं, तसंच. उरलेला पांढरट भाग वेगळ्याच खडकाचा, अ‍ॅनॉर्थोसाइटचा, त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये.

२. मग सह्याद्रीचा काळा दगड आणि चंद्राचा काळा दगड एकच म्हणायचा का?

जात एक, घराणं वेगळं. दोन्ही बेसॉल्ट, दोन्हीत मुख्य माल पायरॉक्सिन (गडद, लोखंड-मॅग्नेशियमवालं खनिज) आणि प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार (फिकं, कॅल्शियम-सोडियमवालं), दोन्ही भेगांमधून वर आलेल्या पातळ लाव्ह्याचे, आणि दोन्हीकडे लाव्हा लांबच लांब वाहिला. चंद्रावर मारे इम्ब्रियममधला सगळ्यात लांब प्रवाह १२०० किलोमीटरच्या आसपास मोजलाय, आणि आपल्या दख्खनचा लाव्हा पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचलाय असं मानतात.

पण केमिस्ट्री काढली की फरक डोळ्यात भरतो. आपल्या घाटातल्या बेसॉल्टमध्ये सिलिका, म्हणजे सिलिकॉनचं ऑक्साइड, साधारण ४८ ते ५० टक्के, लोखंडाचं ऑक्साइड १२ ते १४, टायटॅनियमचं बहुतेक वेळा २-३ टक्के, सोडियमचं २ च्या वर. अपोलो ११ ने आणलेल्या दगडात सिलिका ४० च्या आसपास, लोखंडाचं ऑक्साइड १८-१९ किंवा जास्त, टायटॅनियमचं १० च्या पुढेमागे, आणि सोडियमचं अर्धा टक्का सुद्धा धड नाही. म्हणजे चंद्राचा दगड लोखंड-टायटॅनियमने भरलेला आणि सोडियम-पोटॅशियमसारख्या उडून जाणाऱ्या गोष्टींमध्ये गरीब.

३. त्यात खनिजं कुठली कुठली सापडतात?

यादी छोटी आहे आणि मला तेच फार आवडतं, कारण पृथ्वीवर हजारो खनिजं आणि तिकडे मूठभर. पायरॉक्सिन सगळ्यात जास्त, बऱ्याच दगडांत निम्म्याच्या आसपास. त्याचे स्फटिक थिन सेक्शनमध्ये (दगडाचा घासून पारदर्शक केलेला पातळ काप) बघितले तर मध्ये एक रंग आणि कडेला दुसरा, कारण मधला भाग आधी तयार झाला तेव्हा शिलारसात मॅग्नेशियम होतं आणि कडेपर्यंत येईतो मॅग्नेशियम संपून लोखंड उरलं, अगदी शेवटच्या कडेला पायरॉक्सफेरॉइट नावाचं लोखंडी खनिज. सोडियमच नसल्यामुळे फेल्डस्पार जवळजवळ शुद्ध कॅल्शियमवाला, म्हणजे अ‍ॅनॉर्थाइटच्या बाजूचा. काहींमध्ये ऑलिव्हिन, हे हिरवट मॅग्नेशियम-लोखंडी खनिज. काळ्या पट्ट्या दिसतात त्या इल्मेनाइटच्या, लोखंड आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत असतं तेच. शिवाय थोडं क्रोमाइट, ट्रॉइलाइट म्हणजे लोखंडाचं सल्फाइड, आणि चक्क धातूरूपातलं लोखंड (प्रश्न ७ बघा). शेवटी उरलेल्या थेंबभर रसातून क्रिस्टोबलाइट, ट्रिडिमाइट ही सिलिकाची रूपं.

नवीन खनिजं पण मिळाली. आर्माल्कोलाइट हे नाव आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन, कॉलिन्स या तिघांच्या नावांची सुरुवात जोडून केलंय. ट्रँक्विलिटाइट हे अपोलो ११ जिथे उतरलं त्या जागेवरून. दोन्ही नंतर पृथ्वीवरही सापडली, ट्रँक्विलिटाइट तर जवळपास चाळीस वर्षांनी, ऑस्ट्रेलियात. चीनच्या चांगअ-५ यानाच्या नमुन्यांमधून २०२२ मध्ये चांगेसाइट नावाचं फॉस्फेट जाहीर झालं.

अपोलोच्या थिन सेक्शनचे फोटो नेटवर सगळ्यांना मोकळे आहेत, एकदा क्रॉस निकोलखालचा (ध्रुवित प्रकाशातला) फोटो नक्की बघा, मी पहिल्यांदा बघितला तेव्हा रात्री दोनपर्यंत उठलो नव्हतो.

४. हाय टायटॅनियम, लो टायटॅनियम असं वाचतो, ते वर्गीकरण नक्की कसं?

टायटॅनियम डायऑक्साइड ६ टक्क्यांच्या वर तर हाय, १ ते ६ मध्ये लो, १ च्या खाली व्हेरी लो. अपोलो ११ आणि १७ च्या जागी मुख्यतः हाय, अपोलो १२ आणि १५ ला लो, रशियाच्या लूना २४ ने आणलेले व्हेरी लो. त्यानंतर अ‍ॅल्युमिनियम आणि पोटॅशियम बघून पुढचे उपगट पाडतात, अपोलो १४ चे बेसॉल्ट त्यातले, अ‍ॅल्युमिनियम जास्त असलेले. पृथ्वीवर आपण बेसॉल्टची वाटणी सिलिका आणि सोडियम-पोटॅशियमवरून करतो, तिकडे ते चालत नाही कारण त्यात फरकच फार कमी, फरक पडतो तो टायटॅनियमला. सोय अशी की टायटॅनियमचा अंदाज लांबून, म्हणजे उपग्रहातून रंगावरून पण लावता येतो, हाय टायटॅनियमवाली मैदानं किंचित निळसर दिसतात.

५. चंद्राच्या दगडाला पाणी लागलेलं नाही हे नुसत्या दगडावरून कसं ओळखतात?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि ज्याने विहीर खणताना बघितलीय त्याला पटकन समजेल. विहीर खणणारी माणसं सांगतात, वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग कातळ, मध्ये कुठे तांबडा गेरू. यातलं एक एक बघा.

काळी माती आणि मुरूम म्हणजे पाण्याने सडलेला बेसॉल्ट, पायरॉक्सिन आणि काच यांची चिकणमाती झाली. चंद्रावर माती आहे, तिला रेगोलिथ म्हणतात, पण ती आहे उल्कांनी कुटून कुटून केलेला भुगा, त्यात चिकणमातीचं खनिज नाही. गेरूचा थर म्हणजे एक लाव्हा थिजल्यावर पुढचा यायच्या आधी हवापाण्याने त्याच्या माथ्यावर झालेला बदल, लोखंड गंजून लाल. चंद्रावर दोन प्रवाहांच्या मध्ये वेळ गेला तरी तिथे गंज नाही, पुन्हा भुगाच.

आणि मांजऱ्या. त्यात जी छिद्रं असतात ती लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांची, आणि आपल्याकडे ती रिकामी क्वचितच राहतात, नंतर झिरपलेल्या गरम पाण्याने त्यात झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोट्या भरल्या, वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट तर जगात प्रसिद्ध. आता अपोलो १५ चा १५०१६ नंबरचा दगड घ्या. डेव्हिड स्कॉटने रोव्हरचा सीटबेल्ट नीट करतोय असं सांगून गाडी थांबवली आणि उचलला म्हणून त्याला सीटबेल्ट बेसॉल्ट म्हणतात. अगदी आपल्या मांजऱ्यासारखा, सगळीकडे छिद्रं, पण प्रत्येक छिद्र रिकामं, भिंती चकचकीत, ३३० कोटी वर्षं झाली तरी आत एक दाणा सुद्धा नवीन तयार झालेला नाही.

म्हणून मी नेहमी सांगतो की ६.६ कोटी वर्षांचा आपला बेसॉल्ट थिन सेक्शनमध्ये म्हातारा दिसतो आणि ३५० कोटी वर्षांचा चंद्राचा बेसॉल्ट काल थिजल्यासारखा. एकच खडक, एकाला पाणी भेटलं आणि एकाला नाही.

६. पण चांद्रयान-१ ने तर पाणी शोधलं ना? मग वरचं उत्तर चुकलं का?

नाही चुकलं, जागा वेगळ्या आहेत. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या एम-थ्री उपकरणाने २००९ मध्ये जे दाखवलं ते मुख्यतः पृष्ठभागावरच्या धुळीला चिकटलेलं हायड्रॉक्सिल आणि पाणी, आणि त्यातला बराचसा हायड्रोजन सूर्याच्या वाऱ्यातून येतो. दगड सडवायला वाहतं, झिरपतं पाणी लागतं, ते चंद्रावर नव्हतं.

मात्र शिलारसात आतून थोडं पाणी होतं हे २००८ नंतर समजलं, आणि हा खरोखरच मोठा बदल होता कारण त्याआधी चाळीस वर्षं चंद्र ठणठणीत कोरडा असंच शिकवायचे. ज्वालामुखीच्या काचेच्या मण्यांत (प्रश्न ८) मोजता येण्याएवढं पाणी निघालं, आणि २०११ मध्ये त्याच मण्यांमधल्या ऑलिव्हिनच्या पोटात अडकलेल्या रसाच्या बारीक थेंबांत दहा लाखांत ६१५ ते १४१० भाग इतकं. अ‍ॅपेटाइट हे फॉस्फेट खनिज पण थोडं हायड्रॉक्सिल धरून ठेवतं. बहुतेक पाणी लाव्हा बाहेर येताना उडून गेलं, म्हणून आज दगड कोरडा.

७. चंद्राच्या दगडात शुद्ध लोखंड कसं काय? गंजत नाही का?

आपल्याकडे लाव्ह्यात ऑक्सिजन पुरेसा असतो म्हणून काही लोखंड फेरिक (जास्त ऑक्सिजन धरलेलं) होतं आणि मॅग्नेटाइट तयार होतं, दख्खनच्या दगडाजवळ होकायंत्र थोडं बिघडतं ते त्यामुळेच. चंद्राच्या शिलारसात ऑक्सिजन इतका कमी की जवळजवळ सगळं लोखंड फेरस (कमी ऑक्सिजनवालं), आणि शेवटी शेवटी काही तर सरळ धातू होऊन सुटतं. पुढे गंजायला पाणी आणि हवा दोन्ही नाहीत.

अपवाद विचारणारे विचारतातच, म्हणून सांगतो. अपोलो १६ चा ६६०९५ नंबरचा दगड 'रस्टी रॉक' म्हणून ओळखला जातो, त्यावर खरंच गंज आहे, पण तो ज्वालामुखीचा नसून आघाताने बनलेला खडक आहे. आणि २०२० मध्ये एम-थ्रीच्याच डेटातून चंद्राच्या ध्रुवांकडच्या भागात हेमेटाइटच्या खुणा दाखवल्या गेल्या. तो लाव्हा थिजताना झालेला गंज नव्हे, नंतरचा पृष्ठभागावरचा बदल.

८. नारिंगी माती सापडली होती ती काय भानगड होती?

डिसेंबर १९७२, अपोलो १७, शॉर्टी नावाच्या ११० मीटरच्या खड्ड्याच्या काठावर हॅरिसन श्मिट चालत होता, चंद्रावर गेलेला एकमेव भूवैज्ञानिक, आणि त्याच्या बुटाखाली नारिंगी माती दिसली. आधी त्यांना वाटलं ताजा ज्वालामुखी असावा, गरम वायूने गंजलेली माती असावी. प्रयोगशाळेत बघितल्यावर निघाले काचेचे मणी, सरासरी मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढे, आणि वय सुमारे ३६० कोटी वर्षं.

झालं असं की खोलवरून येणाऱ्या शिलारसात मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड वायू सुटला आणि रसाचं कारंजं उडालं, दिवाळीतल्या अनारासारखं, हवा नाही आणि गुरुत्व कमी म्हणून फार लांब, आणि थेंब उडता उडताच काच होऊन पडले. नारिंगी रंग टायटॅनियममुळे. त्याच रसाचे जे थेंब सावकाश थंड झाले त्यात इल्मेनाइट आणि ऑलिव्हिनचे स्फटिक धरले आणि ते काळे झाले. अपोलो १५ ला असेच हिरवे मणी मिळाले होते, त्यात टायटॅनियम अगदी कमी. मण्यांवर जस्त, शिसं, गंधक यांचा सूक्ष्म लेप आहे, तो त्या वायूचाच. हे मणी महत्त्वाचे यासाठी की हा रस वाटेत फार न बदलता सरळ ४०० किलोमीटर किंवा त्याहून खोलून आलाय असं प्रयोगांवरून दिसतं.

काच ३६० कोटी वर्षं टिकलीच कशी, हा पुढचा प्रश्न ठरलेला. पृथ्वीवर पाणी बेसॉल्टी काचेला पटकन खातं. उत्तर परत प्रश्न ५ मध्येच आहे.

९. चंद्र एवढासा, मग हा लाव्हा आला कुठून?

यासाठी सुरुवातीला जावं लागतं. जन्मल्यावर चंद्राचा बाहेरचा बराच भाग वितळलेला होता, शिलारसाचा समुद्रच. तो थंड होताना ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन जड म्हणून बुडाले, मग कॅल्शियमवालं फेल्डस्पार तयार झालं ते हलकं म्हणून सायीसारखं वर आलं, तेच पांढरं अ‍ॅनॉर्थोसाइटचं कवच. जवळजवळ शेवटी इल्मेनाइट, आणि अगदी तळाशी उरलेल्या खरवडीसारखा जो रस राहिला त्यात कुठल्याच स्फटिकाला नको असलेली मूलद्रव्यं गोळा झाली, पोटॅशियम (K), रेअर अर्थ एलिमेंट्स (REE) आणि फॉस्फरस (P), या खुणा जोडून त्याला 'क्रीप' म्हणतात, त्याच्यासोबत युरेनियम-थोरियम पण.

मारे बेसॉल्ट म्हणजे ते बुडालेले थर नंतर आतल्या उष्णतेने परत थोडे वितळले त्याचा रस. ज्या थरात इल्मेनाइट मिसळलं होतं तिथून हाय टायटॅनियम, नव्हतं तिथून लो.

पुरावा काय? युरोपियम. हे मूलद्रव्य फेल्डस्पारमध्ये आवडीने शिरतं. कवचात ते जास्त आहे आणि मारे बेसॉल्टमध्ये नेमकं तेच कमी. बेसॉल्ट ज्या थरातून आला त्या थरातलं युरोपियम आधीच फेल्डस्पार घेऊन वर गेलं होतं. शेकडो किलोमीटर लांब असलेले दोन खडक एकमेकांची साक्ष देतात, मला यापेक्षा सुंदर पुरावा या विषयात माहीत नाही.

१०. चंद्रावर शेवटचा लाव्हा कधी आला?

अपोलो आणि लूनाचे बहुतेक नमुने ३१० ते ३९० कोटी वर्षांचे, म्हणून खूप काळ वाटायचं की ३०० कोटीला कारभार आटोपला. कलाहारी ००९ या उल्केतला चंद्राचा बेसॉल्ट ४३५ कोटी वर्षांचा, म्हणजे सुरुवात पण लवकर झालेली. डिसेंबर २०२० मध्ये चांगअ-५ ने १७३१ ग्रॅम माल आणला आणि त्यातला बेसॉल्ट निघाला सुमारे २०० कोटी वर्षांचा, आणि त्याच्या उगमात ना क्रीप जास्त ना पाणी जास्त, मग इतका उशिरा आत वितळायला उष्णता आली कुठून यावर अजून वाद चालू आहे. २०२४ मध्ये त्याच मातीतल्या तीन मण्यांचं वय १२ कोटी वर्षांच्या आसपास आलं. फक्त तीन मणी आहेत, त्यामुळे मी त्यावर फार मोठा इमला बांधणार नाही, पण दुर्लक्ष पण करणार नाही.

११. ससा आपल्याच बाजूला का? मागे लाव्हा नाही का?

आहे, पण जेमतेम २ टक्के भागावर, पुढच्या बाजूला सुमारे ३० टक्के. मागच्या बाजूचं कवच जाड, आणि क्रीपसोबतचं उष्णता देणारं थोरियम पुढच्या वायव्य भागात गोळा झालेलं, ही दोन कारणं नेहमी दिली जातात. अडचण अशी की मागच्या दक्षिण ध्रुव-एटकेन खोऱ्यात कवच पातळ आहे तरी तिथे लाव्हा कमी, म्हणजे नुसत्या जाडीने भागत नाही. जून २०२४ मध्ये चांगअ-६ ने त्याच खोऱ्यातून १९३५ ग्रॅम नमुना आणला, मागच्या बाजूचा जगातला पहिला, त्यातला बेसॉल्ट सुमारे २८० कोटी वर्षांचा आणि एक तुकडा ४२० कोटींचा. म्हणजे कमी आला पण फार लांब काळ येत राहिला.

१२. चांद्रयान-३ बेसॉल्टवर उतरलं का?

नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं ती जागा साधारण ६९ अंश दक्षिणेला, उंचवट्याच्या प्रदेशात. प्रज्ञान रोव्हरने शंभरेक मीटर फिरून २३ ठिकाणी मातीची केमिस्ट्री मोजली आणि ती अ‍ॅनॉर्थोसाइटच्या जातीची निघाली, शिलारसाच्या समुद्राच्या कल्पनेला (प्रश्न ९) धरून. ज्वालामुखीच्या खडकांपैकी नाही म्हणून कमी महत्त्वाचं असं अजिबात नाही, ती साय तिथे पण आहे हे हात लावून पहिल्यांदा कळलं.

१३. बेसॉल्टसारखा दिसणारा चंद्राचा प्रत्येक दगड ज्वालामुखीचाच असतो का?

इथे भलेभले फसलेत. मोठी उल्का आदळली की जमीन वितळते आणि तो रस थिजला की हुबेहूब बेसॉल्टसारखा खडक होतो. अपोलो १४ चा १४३१० नंबरचा दगड आधी क्रीप बेसॉल्ट म्हणून धरला होता, नंतर तो आघाताने वितळलेला ठरला. ओळखायचं कसं, तर उल्केतून आलेलं निकेल, इरिडियम, सोनं यांचं प्रमाण बघायचं, खऱ्या लाव्ह्यात ते अगदी नगण्य असतं, आणि न वितळलेले जुन्या खडकाचे तुकडे आत दिसतात का ते बघायचं. अपोलो १५ च्या जागेचे काही क्रीप बेसॉल्ट मात्र खरे ज्वालामुखीचे आहेत, म्हणून 'क्रीप म्हणजे आघात' असं सरसकट समीकरण करू नका.

१४. चंद्रावर ग्रॅनाइट किंवा रायोलाइट आहे का?

अगदी थोडं, नमुन्यांमध्ये बारीक तुकडे. वरून बघता ग्रुइथुइसेन घुमट आणि मागच्या बाजूचं कॉम्प्टन-बेल्कोविच ही सिलिका जास्त असलेल्या दाट लाव्ह्याची ठिकाणं समजतात.

१५. लोणारला गेलं की चंद्रावर गेल्यासारखं असं म्हणतात, त्यात तथ्य किती?

एका बाबतीत पुष्कळ. चंद्रावरचे मैदानातले खड्डे बेसॉल्टवर उल्का आदळून झालेत, आणि पृथ्वीवर बेसॉल्टमधला इतका नीट टिकलेला खड्डा म्हणजे बुलढाण्यातलं लोणार, व्यास १.८ किलोमीटर. तिथे आघाताने झालेली काच आहे, आणि खालून काढलेल्या तुकड्यांत फेल्डस्पारची न वितळता झालेली मॅस्केलिनाइट नावाची काच पण, जी चंद्राच्या दगडातही भेटते. म्हणून जगभरचे लोक तिथे अभ्यासाला येतात. फरक अर्थात पाण्याचा, मध्ये खारं तळं आणि काठाला झाडी. कृपा करून तिथून दगड उचलून घरी आणू नका.

१६. चंद्रकांत मणी, मूनस्टोन, हा चंद्रावरचा दगड असतो का?

नाही. तो पृथ्वीवरचाच, पोटॅशियम-सोडियमवाला फेल्डस्पार, आतल्या पातळ थरांमुळे चांदण्यासारखी झाक येते. प्रश्न २ आठवा, चंद्रावर सोडियम-पोटॅशियमचीच वानवा, तिथे हा दगड मिळणं फार अवघड.

१७. माझ्याकडे काळा जड दगड आहे, चंद्राचा असू शकतो का? आणि विकत मिळतो का?

अपोलोचे ३८२ किलो नमुने विकले जात नाहीत. चंद्रावरून आघाताने उडून पृथ्वीवर पडलेल्या उल्का मात्र विकत मिळतात, पहिली ओळखली गेली ती अंटार्क्टिकातली, १९८२ मध्ये, आणि आज बऱ्याच सहारा-ओमानच्या वाळवंटातून येतात. पण त्यातही निव्वळ बेसॉल्टच्या थोड्या.

तुमचा दगड महाराष्ट्रातल्या शेतात सापडला असेल तर तो शंभर टक्क्यांच्या जवळपास आपला दख्खनी बेसॉल्टच असणार. छिद्रांत पांढरं काही भरलंय, कुठे लाल गंज, हिरवट चिकणमाती दिसते? मग पाणी लागलेलं आहे, विषय संपला. खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते, पायरॉक्सिन-ऑलिव्हिनमधलं लोखंड आणि मँगनीजचं गुणोत्तर मोजतात, चंद्राचं पृथ्वी आणि मंगळ दोघांपेक्षा जास्त असतं. ऑक्सिजनच्या समस्थानिकांनी मंगळ वेगळा काढता येतो पण चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ सारखे येतात, त्यामुळे तेवढ्या एका टेस्टवर कोणी 'चंद्राचा' म्हणून सर्टिफिकेट देत असेल तर पैसे देऊ नका.

१८. आपल्या देशात या दगडांवर काम झालंय का? मला करायचं असेल तर?

झालंय, आणि सुरुवात मुंबईतच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने १९७० च्या सुमारास अपोलोचे दाणे अभ्यासले, खनिजात अवकाशातल्या कणांनी पाडलेल्या सूक्ष्म रेघा मोजून तो दाणा पृष्ठभागावर किती काळ पडला होता ते काढायचे. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत वाढलं, प्रज्ञानवरचं केमिस्ट्री मोजणारं उपकरण तिथलंच. चंद्रावरून नमुना आणायच्या चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली.

करायचं असेल तर बीएस्सीला जिऑलॉजी घ्या आणि पेट्रॉलॉजीचं (खडकांच्या अभ्यासाचं) प्रॅक्टिकल टाळू नका. खंबाटकीच्या, वरंध्याच्या किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही घाटातल्या बेसॉल्टचं एक थिन सेक्शन स्वतः घासून बनवा, त्यातलं पायरॉक्सिन, फेल्डस्पार, इल्मेनाइट ओळखायला शिका, आणि मग शेजारच्या स्क्रीनवर १५५५५ नंबरचा अपोलोचा दगड उघडून दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघा.